अपूर्ण गोष्टीची फीत

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि यातला 'जुना' हा शब्द लोक माझ्या नावाच्याही आधी उच्चारतात. तुमच्या वयाची मुलं तर "हे काय आहे?" असं विचारून थेट मुद्द्याला हात घालतात. कोणी मला शिलाई मशीन समजलं आहे, कोणी वजनकाटा. एका विद्वान पाहुण्याने माझ्यावर चहाचा कप ठेवला होता. तेवढ्यापुरता मी टेबलही होऊन गेलो.

माझं काम साधं होतं. माझ्या डोक्यावर दोन चकत्या आहेत. एकीवर बारीक तपकिरी फीत गुंडाळलेली असते, ती हळूहळू दुसरीवर जाते. जाता जाता समोर बोललेलं सगळं तिच्यावर उतरतं. फीत उलटी फिरवून पुन्हा लावली की तेच बोलणं, तोच आवाज, तोच खोकला पुन्हा ऐकू येतो. बोलणारं माणूस मेलं असलं तरी येतो. हे शेवटचं मात्र मला घडवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

मी एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर जन्मलो. एकाने मोटार बसवली, दुसऱ्याने पट्टा चढवला, तिसऱ्याने माझ्या कपाळावर हिरवा डोळा लावला. हा डोळा म्हणजे काचेचा एक छोटा दिवा. समोर कोणी बोलू लागलं की तो मिटल्यासारखा बारीक व्हायचा आणि शांतता झाली की पुन्हा सताड उघडायचा. माणसांच्या डोळ्यांचंही तसंच असतं, हे मला पुढे विद्यापीठातल्या व्याख्यानांत कळलं. बाकाच्या टोकाला तपासणीसाठी एक बाई बसायच्या. त्या माझ्यासमोर वाकल्या, "ऐकू येतंय का?" म्हणाल्या, फीत उलटी फिरवून ऐकली आणि म्हणाल्या, "शी, मी अशी बोलते?" म्हणजे माणसाला आपलं बोलणं ऐकलं जावं असं फार वाटतं, आणि ते ऐकू आलं की तो नाराज होतो. एवढं शिक्षण घेऊन मी खोक्यात बसलो.

मला विकत घेतलं ते एका विद्यापीठाच्या मूळनिवासी अभ्यास विभागाने. हे विद्यापीठ ज्या जमिनीवर उभं आहे, ती पूर्वी डोंगरापलीकडच्या माणसांची होती. म्हणजे तेव्हा ती डोंगराअलीकडची माणसं होती; विद्यापीठ आलं आणि ती पलीकडे गेली. जमीन घेऊन झाल्यावर त्यांचा अभ्यास करणं ओघानेच आलं.

विभागाच्या प्रमुखांना सगळे मौनीसर म्हणत. त्यांचा सिद्धांत असा होता की संशोधकाने ऐकताना तोंडातून चकार शब्द काढू नये. आपला आवाज फितीत शिरला की ज्ञान गढूळ होतं. विद्यार्थ्यांकडून ते वर्गात खोकला दाबायचा सराव करून घेत. घरीही ते असेच गप्प असतात, असं त्यांच्या पत्नी सांगत. पण तिथे त्याला कोणी सिद्धांत म्हणत नसे. माणूस मात्र सज्जन. मला डोंगरापलीकडे नेताना त्यांनी गाडीत शेजारची जागा दिली आणि स्वतःची सतरंजी माझ्यावर पांघरली. मला तेवढं कौतुक आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

आम्ही गेलो ते थोरलीकडे.

थोरली ही डोंगरापलीकडची शेवटची गोष्ट सांगणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र नव्या दोरीसारखा. आता त्या माणसांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. तिथे गोष्ट कोणी एकट्याने सांगत नाही. सांगणारा एक वाक्य सांगतो आणि थांबतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी "हं" म्हणतं. मग पुढचं वाक्य. हुंकार आला नाही तर गोष्ट तिथेच थांबते. त्यात राग नसतो. पुढची पायरीच नसेल तर माणूस पाऊल टाकणार कुठे? आणि अर्ध्यावर थांबलेली गोष्ट सांगणाऱ्याला सोडत नाही. तो मेला तरी उंबऱ्याशी बसून राहतो, कोणाच्या तरी हुंकाराची वाट बघत.

हे सगळं मौनीसरांना ठाऊक होतं. त्यावर त्यांनी एक उत्तम निबंधही लिहिला होता. पण निबंध वेगळा आणि ध्वनिमुद्रण वेगळं.

गावात वीज नुकतीच आली होती. खोलीतला एकुलता एक बल्ब काढून तिथून मला वीज दिली. मग मौनीसरांनी घरातल्या सगळ्यांना अत्यंत नम्रपणे घराबाहेर काढलं. आवाज नको म्हणून. मंडळी बिचारी पार झऱ्यापर्यंत जाऊन बसली. हलली नाही ती फक्त धाकटी.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. घर मुळात एकच. मध्ये भिंत घालून त्याची दोन झालेली. दोघी जावा कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही आठवत नव्हतं, पण ते चालू ठेवण्याची जबाबदारी दोघीही चोख पार पाडत होत्या. धाकटीने तर जाहीर शपथ घेतली होती की ही जिवंत असेपर्यंत मी हिच्याशी बोलणार नाही. सरांनी भिंतीपलीकडे डोकावून हात जोडले, तेव्हा ती शेंगा सोलत होती. ती कोणाकडेही न बघता म्हणाली की माझ्या घरात मी बसले आहे, आणि मला उठवेल असं विद्यापीठ अजून निघायचं आहे. सरांनी पुन्हा हात जोडले आणि माघार घेतली.

थोरलीने सांगायला सुरुवात केली. गोष्ट होती धुक्याची. डोंगरापलीकडची माणसं पहिल्यांदा या मुलखात आली तेव्हा म्हणे एवढं धुकं होतं की आपला हात आपल्याला दिसत नव्हता. ती एकामागून एक चालली. पुढची बाई हाक घालायची, मागचा हुंकार द्यायचा, त्याच्या मागचा त्याला. असा हुंकार शेपटापर्यंत जायचा आणि त्यावरून कळायचं की कोणी हरवलेलं नाही.

पहिल्या वाक्यानंतर थोरली थांबली. मौनीसरांनी मान डोलावली. एवढ्या आदराने मान डोलावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ती मान थोरलीला दिसत नव्हती. पण सर बसले होते एका जुन्या खुर्चीवर, आणि मान डोलली की खुर्ची करकरत होती. थोरलीने ती करकर हुंकार म्हणून चालवून घेतली. म्हातारी माणसं पाहुण्यांच्या बाबतीत असं पुष्कळ चालवून घेतात. गोष्ट पुढे सरकली. धुक्यातली माणसं नदीपाशी आली.

तेवढ्यात सरांचं लक्ष माझ्या हिरव्या डोळ्याकडे गेलं. खुर्ची करकरली की तो लवत होता. त्यांच्या ध्यानात आलं की खुर्ची फितीत शिरते आहे. ज्ञान गढूळ होत होतं. ते अलगद उठले आणि जमिनीवर मांडी घालून बसले.

थोरली सांगत होती. नदीपाशी पुढच्या बाईने हाक घातली. हुंकार मागे मागे गेला आणि शेपटाला तुटला. शेवटची आली नव्हती. सगळे म्हणाले, चल आता, आपण पार होऊ. ती बाई म्हणाली, नाही. ती काठावर बसली आणि धुक्यात तोंड करून म्हणाली, "आहे का कोणी?"

इथे थोरली थांबली. या गोष्टीत इथे ऐकणाऱ्यानेच उत्तर द्यायचं असतं. ते आलं की धुक्यातली शेवटची सापडते. नाही आलं तर ती तिथेच राहते.

मौनीसरांनी मान डोलावली. खोलीत काहीच वाजलं नाही.

"आहे का कोणी?" थोरलीने पुन्हा विचारलं. आता ते विचारणं नुसतं गोष्टीतलं उरलं नव्हतं. तिने हात पुढे करून हवेत चाचपून पाहिलं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते जीव तोडून मान डोलावत होते. मग त्यांना वाटलं की म्हातारी दमली. तिच्या मौनाचा मान राखावा. ते चवड्यांवर उठून बाहेर गेले. मला बंद केलं नाही, कारण माझ्या बटणाचा खटका वाजतो आणि तेवढ्याने ती दचकली असती.

फीत फिरत राहिली. त्यानंतर बराच वेळ ती रिकामी आहे. पण मित्रांनो, शेवटपर्यंत ती रिकामी नाही. त्या खोलीत पुढे जे झालं ते थोरलीला माहीत होतं, भिंतीपलीकडच्या धाकटीला माहीत होतं आणि मला माहीत होतं. टेपरेकॉर्डरची जातच अशी की सगळं ठाऊक असतं आणि कोणी बटण दाबल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. विद्यापीठात अशी माणसंही मला बरीच भेटली.

सर परतले तेव्हा थोरली भिंतीला टेकून स्वस्थ बसली होती आणि माझ्या चकतीवर फितीचं सुटलेलं टोक फटफटत होतं. विभागात आल्यावर त्यांनी मला लावलं, त्या प्रश्नापर्यंत ऐकलं, पुढची शांतता सुरू झाली तसा चष्मा काढून पुसला आणि बटण दाबलं. कागदावर लिहिलं, 'कथा अपूर्ण'.

त्याच हंगामात थोरली गेली. जाण्याआधी तिने घरच्यांना सांगितलं होतं की माझी गोष्ट झाली आहे. कोणी ऐकली ते विचारू नका. घरच्यांनी निःश्वास टाकला. पण पुढे मौनीसरांचं पुस्तक आलं. अपूर्णतेचं तत्त्वज्ञान हा त्याचा विषय. जगातल्या सगळ्या थोर गोष्टी अर्ध्यावर का थांबतात, ते त्यांनी थोरलीच्या त्या एका प्रश्नावरून सिद्ध केलं होतं. पुस्तक गाजलं. त्याची एक प्रत सरांनी कृतज्ञतापूर्वक थोरलीच्या घरी पाठवली. घरच्यांनी ती वाचली, आणि गोष्ट अर्धीच राहिली असं त्यात छापलेलं आहे म्हटल्यावर थोरलीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

त्या दिवसापासून त्या घरात उंबऱ्याशी एक रिकामं स्टूल ठेवलेलं असे. रोज दिवेलागणीला घरातलं कोणीतरी त्या स्टुलापुढे उभं राहून "हं" म्हणे. क्षणभर थांबे. काही ऐकू येत नसे. मग सगळे आपापल्या कामाला लागत.

हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी विभागात होतो. सुरुवातीला माझे चांगले दिवस होते. दर वर्षी नवे विद्यार्थी येत, मला लावून ती गोष्ट ऐकत आणि "आहे का कोणी?" झालं की बटण दाबून मला थांबवत. तिथे थांबणं हा विभागाचा शिष्टाचारच झाला होता. त्यापुढच्या शांततेवर दोन प्रबंध लिहिले गेले. एकात तिची खोली मोजली होती, दुसऱ्यात तिचं राजकारण. शांतता पूर्ण ऐकायचं मात्र कोणाला सुचलं नाही. मी रोज मनात म्हणायचो, अरे, थोडं पुढे जाऊ द्या. बोटं यायची आणि खटका वाजायचा.

मग गोष्टीची नक्कल छोट्या कॅसेटवर काढली, अर्थात प्रश्नापर्यंतच, आणि माझं काम संपलं. माझा हिरवा डोळा एका पावसाळ्यात मंदावला आणि विझला. मला विभागाबाहेरच्या मार्गिकेत काचेच्या पेटीत ठेवलं. ती फीत माझ्या डोक्यावर तशीच होती. त्याशिवाय मी ऐतिहासिक दिसत नव्हतो म्हणे.

मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं. फीत फिरत नसली तरी तिच्यावरचं बोलणं कुठे जात नाही. माझ्या डोक्यावर एक म्हातारी अहोरात्र बसून विचारत होती, आहे का कोणी? आणि मग एक विचित्र गोष्ट होऊ लागली. मार्गिकेतून एकटा जाणारा माणूस माझ्या पेटीपाशी आला की चालता चालता "हं" म्हणायचा. मग त्याची पावलं थबकायची. मागे वळून बघत असावा. मग पावलं भराभर वाजायची. लेखापाल म्हणाले, कुलसचिव म्हणाले, पाणी प्यायला आलेले परीक्षकही म्हणाले. पुढे मोबाइल आले आणि त्यांची सोय झाली. हं म्हणून झालं की ते फोन कानाला लावत. मी शपथेवर सांगतो, मित्रांनो, मी बंद होतो. माझी पिन भिंतीत नव्हती.

वर्षं गेली. विभागाच्या पाटीखाली नवी पाटी लागली: समुदाय भागीदारी केंद्र. डोंगरापलीकडच्या माणसांचा नुसता अभ्यास करायचा नाही, त्यांना भागीदार करून घ्यायचं, असं ठरलं. त्यासाठी एक समिती नेमली. समितीने आधी हातात हात घातलेलं बोधचिन्ह निवडलं, मग भागीदार शोधले. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला संचालकबाई उभ्या राहून गंभीरपणे सांगत की ही जमीन मुळात तुमची आहे याची आम्हाला जाणीव आहे. त्यानंतर गाड्या कुठे लावू नयेत ते सांगत.

केंद्राचं पहिलं काम ठरलं आवाज परत करणं. जुन्या सगळ्या फितींची नक्कल संगणकात घ्यायची आणि ती ज्यांची त्यांना द्यायची. कल्पना चांगली होती, आणि संचालकबाई मनापासून झटत होत्या, हे मी कबूल करतो. तंत्रज्ञाने मला पेटीतून काढलं, नवा पट्टा घातला, तेल दिलं. डोळ्याचा दिवा आता कुठे मिळत नाही म्हणाला. मग त्याने कोणाला तरी सूचना वाचून दाखवली आणि माझा जुना पट्टा असता तर तो तिथेच तुटला असता. गोष्टीचा बोललेला भाग तेवढा घ्यावा, पुढचा रिकामा भाग कापावा, आणि फितीला बुरशी लागत असल्याने काम झाल्यावर ती नष्ट करावी.

म्हणजे थोरली कायमची त्या प्रश्नावर उभी राहणार होती. आणि पुढचं जे होतं, ते कचऱ्यात जाणार होतं.

फीत वाचली ती थोरलीच्या नातीमुळे. ती दवाखान्यात परिचारिका होती. आजीला तिने पाहिलेलं नव्हतं. मखमली डबीत आवाज घालून देण्याचा समारंभ आहे, हे तिला कळवलं गेलं, तेव्हा ती आधीच येऊन संचालकबाईंना भेटली. ती स्टुलाबद्दल, दिवेलागणीच्या हुंकाराबद्दल सांगत होती, तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर होतो. तिचं म्हणणं एवढंच होतं की डबी द्या, पण त्याआधी एकदा त्या जुन्या यंत्रावर, मूळ फितीवर, आम्हाला गोष्ट ऐकू द्या. आम्ही समोर बसून रीतीप्रमाणे हुंकार देऊ. अर्धी तर अर्धी.

संचालकबाईंनी कार्यक्रमपत्रिका चाळली असावी, कागद वाजले. अल्पोपाहाराच्या आधी थोडा वेळ काढता येईल, पण इतकं आवश्यक आहे का, असं त्यांनी हळुवारपणे विचारलं.

"माझी आई हं म्हणता म्हणता म्हातारी झाली," नात म्हणाली. "आता माझी मुलगी विचारते, आपण हं कोणाला म्हणतो. तिला मी काय सांगू?"

समारंभ मला दिसला नाही, पण सगळा ऐकू आला. खुर्च्या सरकल्या. जमीन तुमची आहे, हे सांगून झालं. गाड्यांचं सांगून झालं. प्रमुख पाहुणे मौनीसर होते. आता फार थकलेले, पण त्यांची खुर्ची करकरली आणि मी त्यांना ओळखलं. डोंगरापलीकडून नात आली होती, तिची आई, गाडीचा चालक. आणि एक काठी ठक ठक करत पुढच्या रांगेत येऊन बसली. नातीने कोणालातरी सांगितलं की ही आमची धाकटी आजी. हिला कोणी बोलावलं नव्हतं, गाडी सुटताना स्वतःच येऊन बसली आणि वाटभर एक शब्द बोलली नाही.

तंत्रज्ञाने बटण दाबलं. थोरली सांगू लागली. पहिल्या वाक्यानंतर ती थांबली आणि सभागृहात नात म्हणाली, "हं." तिची आई म्हणाली. चालक म्हणाला. कित्येक वर्षं करकरणाऱ्या खुर्चीवर भागवलेल्या त्या गोष्टीला पहिल्यांदा माणसांचे हुंकार मिळत होते. मग फितीवरची खुर्चीही थांबली. हुंकार मात्र चालू होते. धुकं आलं, रांग आली, नदी आली.

"आहे का कोणी?" थोरलीने विचारलं.

"हं," सगळे म्हणाले.

"आहे का कोणी?"

"हं," ते पुन्हा म्हणाले, आणि नातीची आई रडू लागली. मग शांतता सुरू झाली. नुसती फितीची सरसर. संचालकबाई हलकेच म्हणाल्या की गोष्ट इथे संपते. तंत्रज्ञाचं बोट माझ्या बटणावर आलं. मला ते ओळखीचं होतं.

काठी एकदा जोरात आपटली.

"संपली असं कोणी सांगितलं?" धाकटी म्हणाली. "हात काढ. बसा सगळे."

तिचा आवाज असा होता की बोट बटणावरून गेलं. शांतता फिरत राहिली. कोणी खोकलं, कोणी खुर्ची सरकवली. अल्पोपाहाराच्या बाजूला बशा वाजल्या आणि गप्प झाल्या. मौनीसरांचा श्वास मला ऐकू येत होता. आपण ज्यावर पुस्तक उभं केलं, ती शांतता ते पहिल्यांदाच पुरी ऐकत होते.

मित्रांनो, फीत वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उतरतो, ओली शाई समोरच्या पानावर उतरावी तसा. त्यामुळे आवाज येण्याआधी त्याची सावली येते. याला भौतिकशास्त्र म्हणायचं की भुताटकी, ते तुमच्या शिक्षकांना विचारा. त्या दिवशी सभागृहात आधी सावली आली. फार दूरचं, पुसट, कोणाच्याच तोंडचं नसलेलं एक "हं". आणि मग, भिंतीपलीकडून, शेंगा सोलायचं थांबवून, अगदी नाइलाजाने:

"हं."

फितीवर काहीतरी सळसळलं. थोरली सावरून बसली होती.

"आहेस होय," ती म्हणाली. "बोलत नाहीस ना माझ्याशी?"

"हं."

"नको बोलूस. ऐक."

आणि थोरलीने गोष्ट पुढे नेली. काठावर बसलेल्या बाईला धुक्यातून हुंकार आला. ती त्या आवाजाच्या रोखाने मागे गेली, तर शेवटची तिथेच, हाकेच्या अंतरावर उभी. बाईने विचारलं, हरवलीस का? ती म्हणाली, हरवले कुठे, मागेच होते. रागावले होते म्हणून गप्प होते. मग दोघी मिळून नदीवर आल्या.

"हे मूळ गोष्टीत नाही," धाकटी पुढच्या रांगेतून म्हणाली. "हे मला लावून बोलली."

कोणीतरी हसलं आणि त्याच श्वासात रडलं. आता फितीवरच्या प्रत्येक वाक्यानंतर दोन हुंकार होते, एक भिंतीपलीकडचा आणि एक सभागृहातला. तंत्रज्ञही हं म्हणू लागला. संचालकबाई म्हणू लागल्या. गोष्ट नदीपार जाता जाता माझ्या मागच्या बाजूने, इतक्या वर्षांनी, गंजलेल्या बिजागरीसारखा, मौनीसरांचा हुंकार आला. मला तो आवाज नवा होता.

डोंगरापलीकडच्या गोष्टी ज्या शब्दांनी मिटतात, त्याच शब्दांनी थोरलीने तिची मिटवली: "गोष्ट सुटली. सांगणारी सुटली. ऐकणारी अडकली." म्हणजे ज्याने शेवटपर्यंत ऐकली, त्याने ती पुढे सांगायची. मग फितीचं टोक फटफटू लागलं आणि बराच वेळ मला कोणी बंद केलं नाही.

नातीने धाकटीला विचारलं की आजी, एवढी वर्षं तू सांगितलं का नाहीस? त्यात राग नव्हता. दिवेलागणीला आमचा हुंकार तुला भिंतीतून ऐकू येत होता ना?

"रोज," धाकटी म्हणाली. मग काठी जमिनीवर टेकवत म्हणाली, "ती जिवंत असेपर्यंत बोलणार नाही अशी शपथ होती माझी. हं म्हणजे बोलणं धरलं तर माझी शपथ मोडली. नाही धरलं तर तिची गोष्ट अर्धी राहिली. तूच सांग, हं म्हणजे बोलणं असतं का? मला ठरवता येईना. ठरवता ठरवता एवढी म्हातारी झाले."

या प्रश्नाचं उत्तर देण्याइतके तज्ज्ञ सभागृहात बसले होते. उठले ते एकटे मौनीसर. ते काठीच्या दिशेने आले आणि त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी एका "हं"मध्ये म्हटलं. पूर्ण झालेल्या गोष्टीपुढे त्यांचं पुस्तक तेवढं अपूर्ण उरलं होतं.

फीत नष्ट करायची सूचना मागे घेतली गेली. नातीने मलाही मागितलं. पण मी विद्यापीठाच्या मालमत्तेत होतो आणि मालमत्ता परत देता येत नाही. जमिनीचंही तेच कारण सांगतात. शेवटी समितीने तोडगा काढला. मला कायमच्या तात्पुरत्या उसनवारीवर डोंगरापलीकडे धाडण्यात आलं.

त्याच आठवड्यात धाकटीने घरातल्या सगळ्यांना समोर बसवून धुक्याची गोष्ट सांगितली. पूर्ण. लावून बोललेलं वाक्यही तिने गाळलं नाही. म्हणाली, आता ते गोष्टीतलंच. तिच्या घरच्यांनी मधली भिंत पाडायची का विचारलं, तर नको म्हणाली. भिंत नसती तर मी ऐकलं नसतं. पुढे एका दुपारी ती झोपेतच गेली. गोष्ट आता नात सांगते, नातीची मुलगी हुंकार देते, आणि मला कोणी लावत नाही. लावायची गरजच राहिली नाही, याहून यंत्राला काय हवं?

उंबऱ्याजवळच्या त्या स्टुलावर आता मी असतो. दिवेलागणीला माझ्यापुढे येऊन कोणी हं म्हणत नाही. थोरली सुटली, तेव्हा ते म्हणायचं कारण उरलं नाही. तरी ती वेळ झाली की घरातली माणसं क्षणभर हातातलं काम थांबवतात आणि मीही वाट बघतो. कशाची, ते मला नीट सांगता येणार नाही. सवय असावी.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी तीच ती गोष्ट पुन्हा सांगत असेल. तुम्हाला तिचा शेवट पाठ असेल आणि हातात फोन असेल. तरी वाक्य संपलं की तोंडाने हं म्हणा. त्याला काही लागत नाही. आणि सांगणारं माणूस गप्प झालं तर लगेच बटण दाबू नका. थोडं पुढे जाऊ द्या.

माझी गोष्ट इथवर आली. आता पुढचं तुमच्याकडे.

आहे का कोणी?

नुसती मान डोलावू नका. माझा डोळा गेलेला आहे.